केळीचे, दुधाचे, बांबूचे सूत: पाटीवरचे नाव आणि आतला तंतू

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे चार हातमाग आहेत, आजवर त्यांवर सुती आणि रेशमी माल विणला गेला, आता ग्राहक केळीच्या, कमळाच्या आणि दुधाच्या साड्यांविषयी विचारू लागले आहेत, आणि सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या यादीत केळी, अननस, बांबू, दूध, सोयाबीन, मका, संत्रे, गुलाब व कोरफड इतकी नावे आहेत. यांतले खरे कोणते, मागावर कोणते चालेल आणि विकताना पाटीवर काय लिहावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. सूत तपासणे आणि विणकरांना नव्या तंतूंची ओळख करून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण पैसे गुंतवण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे अशी विनंती.

वनस्पतीच्या नावावरून सुताचा स्वभाव कळत नाही. तो तंतू कोणत्या वाटेने तयार झाला यावरून कळतो. आपल्या यादीतली बहुतेक नावे चार वाटांनी येतात. केळी, अननस, कमळ, अंबाडी यांच्यात तंतू आधीपासूनच असतो आणि माणूस तो फक्त सोडवून घेतो. बांबू, संत्रे, गुलाब यांच्यातला सेल्युलोज (वनस्पतीच्या पेशींच्या भिंतींचा मूळ पदार्थ) रसायनात विरघळवून त्याची नवी तार ओढली जाते. दूध, सोयाबीन, भुईमूग यांच्यातल्या प्रथिनांचेही तसेच करतात. आणि मक्याच्या बाबतीत पिष्टाची साखर करून, ती आंबवून, शेवटी एक प्लास्टिक तयार होते व त्याचा धागा काढला जातो. धुलाई, रंग, ताकद, घाम शोषणे आणि मातीत कुजणे हे सगळे गुण या वाटेवर ठरतात. म्हणून व्यापाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारावा: हा तंतू सोडवलेला आहे की विरघळवून ओढलेला?

केळीपासून सुरुवात करतो, कारण तिचा कच्चा माल आपल्या दारात आहे. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल या भागांत केळीचा घड उतरवला की झाड तोडावेच लागते, कारण केळ एकदाच फळते. आपण ज्याला खोड म्हणतो ते खरे तर एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या सोपांचे, म्हणजे देठांच्या रुंद आवरणांचे, बनलेले असते आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. सोप सुटे करून ते फिरत्या पात्यांच्या यंत्रात घालतात, गर खरवडला जातो आणि लांब, पांढरट-पिवळा वाख हाती येतो. तोडलेले खोड फार दिवस पडून राहिले तर तंतू काळवंडतो, म्हणून यंत्र शेताजवळच असावे लागते. ताज्या खोडाच्या वजनाच्या मानाने कोरडा तंतू शेकडा एक किंवा त्याहूनही कमी निघतो. हा आकडा लक्षात ठेवला की केळीचे खरे सूत स्वस्त का मिळत नाही ते कळते. उरलेला गर आणि पाणी यांत पालाश भरपूर असते व ते खत म्हणून शेतात परत जाऊ शकते, त्यामुळे तंतू काढल्याने जमिनीचे नुकसान होते ही भीती मला पटत नाही.

केळीचा तंतू मऊ का होत नाही, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांब पेशी असते, साधारण पंचवीस-तीस मिलिमीटरची. केळीचा हातभर लांब दिसणारा तंतू मात्र जेमतेम काही मिलिमीटरच्या असंख्य पेशींची जुडी असतो आणि लिग्निन, पेक्टिन अशा पदार्थांनी त्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. मऊपणा आणण्यासाठी हा चीक काढत गेलो तर एका मर्यादेनंतर तंतू बारीक होण्याऐवजी सुटा होऊन जातो आणि हाती कागदाचा लगदा राहतो. तागाचीही हीच अडचण आहे. उलट जवसाच्या तंतूची, म्हणजे लिननची, एकेक पेशी कापसाएवढी लांब असते आणि रॅमी या झुडपाच्या सालीतल्या तंतूची तर त्याहून कितीतरी लांब, म्हणून त्यांचा चीक बराचसा काढला तरी तंतू टिकतो आणि तलम कापड विणता येते. मी हे इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण शंभर टक्के केळीची, रेशमासारखी मऊ व झुळझुळीत साडी असे कोणी सांगू लागला तर या एका मुद्द्यावर त्याची परीक्षा होते. गिरणीत केळीचा वाख आखूड कापून, अल्कलीने किंवा एन्झाइमने थोडा मऊ करून कापसात मिसळता येतो, पण त्यात केळीचा भाग कापसापेक्षा बराच कमी ठेवावा लागतो, नाहीतर कताईत धागा सारखा तुटतो.

जगात केळीच्या तंतूचे तलम कापड विणले जाते हे खरे आहे, आणि ते कसे विणले जाते हे पाहिले तर आपल्याला पुष्कळ शिकता येते. जपानच्या ओकिनावा बेटावर किजोका गावात बाशोफू नावाचे कापड होते. त्यासाठी खाण्याची केळी वापरत नाहीत, तंतूसाठीच वाढवलेली वेगळी जात लागते आणि ती तयार व्हायला दोन-तीन वर्षे जातात. सोप आतून बाहेर अशा प्रतींत वेगळे केले जातात, कारण बाहेरचा सोप भरड आणि आतला नाजूक असतो; किमोनोसाठी आतल्या सोपांचाच तंतू घेतात. तो राखेच्या पाण्यात उकळून, खरवडून, बोटांनी चिरून, टोकाला टोक गाठून धागा केला जातो. कापसासारखी कताई होत नाही. एका किमोनोला सुमारे २०० झाडे लागतात. हवा कोरडी असली की हा धागा ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून दमट दिवसांत विणकाम चांगले होते आणि एरवी धाग्यावर पाणी शिंपडत राहावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर तोशिको ताइरा यांनी ही कला पुन्हा उभी केली, १९७४ साली जपानने तिला महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि २००० साली स्वतः ताइराबाईंना जिवंत राष्ट्रीय ठेवा हा सन्मान मिळाला. या कापडाची किंमत माणसाच्या हाताच्या वेळेची आहे, आणि ती तशीच असायला हवी.

फिलिपिन्समध्ये केळीच्याच कुळातल्या अबाकाचा वाख दोरखंडांसाठी जगभर गेला. मिंदानाओतील त्बोली लोक त्याच अबाकाचे गाठ बांधून रंगवलेले त्नालाक कापड विणतात. अननसाच्या पानांचे पिन्या हे कापडही तिथलेच, विशेषतः आकलान प्रांतातल्या कालिबोचे. पानाची वरची साल चिनी मातीच्या भांड्याच्या तुकड्याने खरवडली की आधी भरड आणि मग अतिशय बारीक तंतू निघतो; तो धुऊन, वाळवून, गाठी मारत लांब केला जातो. पारदर्शक, किंचित कडक आणि हस्तिदंती रंगाचे हे कापड बारोंग तागालोग या तिथल्या सणासुदीच्या सदऱ्यासाठी वापरतात. आकलानच्या या हातमाग विणकामाला २०२३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. अननसाच्याच पानांपासून होणारे पिन्याटेक्स हे चामड्यासारखे साहित्य वेगळे: ते विणलेले नसते, दाबून जमवलेल्या तंतूंचा थर असतो, त्यात मक्याचे प्लास्टिक मिसळलेले असते व वर राळेचा लेप असतो. पिशवीसाठी ते उपयोगी आहे, साडीसाठी त्याचा विचारही करू नये.

कमळाविषयी आपण आवर्जून विचारले आहे. म्यानमारच्या इन्ले सरोवरावर हे काम जुने आहे, आणि मणिपूरच्या लोकताक सरोवराकाठीही ते सुरू झाले आहे. देठ हलकेच कापून मोडले की दोन तुकड्यांमध्ये जाळ्यासारख्या तारा ताणल्या जातात. देठात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून मळसूत्रासारखे जे आवर्त असतात, तेच उलगडून या तारा होतात. अनेक देठांच्या तारा ओल्या पाटावर तळहाताने वळून एक धागा होतो आणि पुढची तार त्याला चिकटवत जावे लागते. तार वाळली की ठिसूळ होते, म्हणून देठ तोडल्यापासून हात थांबवता येत नाही. एका उपरण्याला हजारो देठ लागतात. पूर्ण कमळाची साडी काही हजार रुपयांत कोणी देऊ करत असेल, तर ती कमळाची नाही, इतके मी खात्रीने सांगतो.

आपल्याकडचे जुने तंतू या यादीत नाहीत याचे मला वाईट वाटते. अंबाडीची भाजी आपण खातो, तिच्याच सालीचा वाख दोर, चऱ्हाटे आणि गोणपाटासाठी वापरला जात असे. घायपाताचा वाखही तसाच भरड. पिशव्या, बैठका, पडदे यांसाठी हे दोन्ही उत्तम आहेत. अंगावरच्या कपड्याला चालणार नाहीत. सावरीचा कापूस उशीत भरतात तो कातता का येत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचा तंतू पोकळ, गुळगुळीत आणि मेणासारख्या लेपाचा असतो, त्यामुळे पीळ दिला तरी तंतू एकमेकांना धरत नाहीत. रुईच्या बोंडातल्या रेशमी तंतूचेही तसेच, पण कापसात मिसळून त्याचे सूत काढण्याचे काम दक्षिणेत यशस्वी झाले आहे आणि ते मऊ व उबदार असते. रुई पडीक जमिनीवर पाणी न देता वाढते, म्हणून केळीनंतर मला सर्वांत जास्त आशा तिच्याकडून आहे.

आता दुसरी वाट. बांबूच्या नावाने मऊ, चमकदार, थंड वाटणारे जे सूत आणि बनियन-टॉवेल विकले जातात, ते जवळजवळ सगळे व्हिस्कोज असते. १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी शोधलेली ही पद्धत आजही तीच आहे: लाकडाचा किंवा बांबूचा शुद्ध लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करायची, पुन्हा सोड्यात विरघळवून मधासारखा दाट द्रव करायचा आणि तो सोऱ्यातून शेव पाडावी तसा बारीक छिद्रांतून सौम्य गंधकाम्लात सोडायचा. द्रवाची तिथे तार होते. आपल्या कल्याणजवळ शहाडला रेयॉनचे, म्हणजे व्हिस्कोजचेच, सूत याच रीतीने तयार होत आले आहे. या तारेत बांबूचे काहीही शिल्लक नसते. निलगिरीच्या लाकडाचे व्हिस्कोज आणि बांबूचे व्हिस्कोज यांत नंतर फरक ओळखता येत नाही. जंतू न वाढण्याचा जो गुण बांबूच्या नावावर सांगितला जातो, तो या सगळ्या रसायनांतून पार होत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा पाट्यांवर कारवाई केली आहे आणि २०२२ साली वॉलमार्ट व कोल्स या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला, कारण त्यांनी रेयॉनला बांबू म्हटले होते.

व्हिस्कोज वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ते घाम शोषते, रंग सुंदर घेते, मातीत कुजते. पण कार्बन डायसल्फाइडची वाफ कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेला इजा करते, हे शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे, आणि ती वाफ किती कोंडून परत वापरली जाते यावर कारखान्याची खरी परीक्षा होते. लायोसेल या सेल्युलोजच्याच दुसऱ्या तंतूची पद्धत या बाबतीत पुष्कळ बरी: तिच्यात लगदा एका सेंद्रिय द्रावकात थेट विरघळतो आणि तो द्रावक जवळजवळ सगळा परत मिळतो. बांबूचे लायोसेल मिळत असेल तर तेच मागवावे.

संत्र्याचा धागाही याच वाटेवरचा. सिसिलीत आद्रियाना सांतानोचितो आणि एन्रिका अरेना यांनी ऑरेंज फायबर ही संस्था उभी केली, रस काढून उरलेल्या चोथ्यातून सेल्युलोज वेगळा केला, आणि २०१७ साली फेरागामो या इटालियन घराण्याने त्याचे कपडे बाजारात आणले. पुढे लेन्झिंग या ऑस्ट्रियन तंतू-कंपनीबरोबर त्यांनी लायोसेलही केले. नागपूरच्या संत्र्याचे असे का होत नाही, असे आपण विचारले आहे. सिसिलीत रसाच्या कारखान्यांबाहेर चोथ्याचे ढीग एकाच जागी साठतात. आपले संत्रे मुख्यतः सोलून खाल्ले जाते आणि साल घरोघरी विखुरते. कच्चा माल एका ठिकाणी जमत नसेल तर त्याचा लगदा करणारा कारखाना चालत नाही. उसाच्या चिपाडात सेल्युलोज भरपूर असतो आणि ते एकाच जागी पडते, पण साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज करतात, म्हणजे ते टाकाऊ मुळीच नाही.

गुलाब, पुदिना या नावांचे तंतूही बहुतेक व्हिस्कोजच्या जातीचे असतात. कोरफडीच्या पानात साडी विणण्याजोगा तंतू नसतो. कोरफडीचे म्हणून येणारे सूत म्हणजे साध्या सुतावर कोरफडीच्या अर्काचे लेपन, आणि ते धुण्यात हळूहळू उतरते. गुलाब आणि कोरफड ही नावे यादीतून सरळ काढून टाकावीत.

दुधाच्या सुताचा इतिहास मोठा रंजक आहे. इटलीत अंतोनिओ फेरेत्ती यांनी १९३० च्या दशकात दुधातल्या केसीन या प्रथिनापासून तंतू केला आणि तो लानिताल या नावाने लोकरीच्या जागी विकला गेला, कारण मुसोलिनीच्या काळात इटलीला बाहेरची लोकर नको होती. अमेरिकेत तोच प्रकार अरालॅक नावाने आला. हेन्री फोर्ड यांनी सोयाबीनच्या तंतूचा सूट घालून दाखवला. ब्रिटनमध्ये डमफ्रीज येथे भुईमुगाच्या प्रथिनापासून आर्डिल तयार झाले, पण १९५७ मध्ये तो कारखाना बंद पडला. सगळ्यांची अडचण एकच होती: प्रथिनाची तार ओली झाली की फार कमजोर होते, तिला टिकवण्यासाठी फॉर्माल्डिहाइड वापरावे लागे, आणि ओल्या कपड्याला कधी कधी आंबट दुधाचा वास येई. पॉलिएस्टर आणि अॅक्रिलिक आल्यावर हे तंतू मागे पडले. आज चीनमधून येणारे दुधाचे सूत बहुधा केसीन आणि अॅक्रिलिकचा रासायनिक संयोग असते, आणि सोयाबीनच्या तंतूत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे कृत्रिम प्लास्टिक असते. स्पर्श सुखद असतो, पण ते पूर्ण दूध किंवा पूर्ण सोयाबीन नसते. शिवाय १०० लिटर गाईच्या दुधात केसीन अडीच-पावणेतीन किलोच्या आसपास असते. वाया गेलेले दूध वापरले असेल तर ठीक. पिण्याजोग्या दुधाचे कापड करणे मला स्वतःला योग्य वाटत नाही.

मक्याच्या सुताबद्दल थोडक्यात सांगतो. ते पॉलिलॅक्टिक अॅसिड असते, गरम इस्त्रीने वितळते, आणि घरच्या खतखड्ड्यात कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपास तापमान राखणारा औद्योगिक खड्डा लागतो. आपल्या मागाला त्याचा उपयोग नाही.

माल हाती आल्यावर घरी करता येतील अशा तीन चाचण्या आहेत. धाग्याचे टोक चिमट्यात धरून जाळावे: कागदाचा वास आणि मऊ राखाडी राख आली तर सेल्युलोज, जळत्या केसांचा वास आणि चुरगळणारा काळा मणी आला तर प्रथिन, वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक. यात खरी केळी आणि व्हिस्कोज वेगळे होत नाहीत, कारण दोन्ही सेल्युलोजच. त्यासाठी धागा पाण्यात भिजवून ओढून पाहावा: व्हिस्कोजची ताकद ओलेपणी जवळजवळ निम्मी होते आणि तो चटकन तुटतो, केळीचा तंतू तसा ढिला पडत नाही. केळीचे रेशीम या नावाने भडक रंगांत येणाऱ्या झळझळीत लडी या चाचणीत बहुतेक वेळा रेयॉन ठरतात. दुधाच्या सुतासाठी घरातले ब्लीच वापरावे. शुद्ध प्रथिन त्यात विरघळते; बराचसा धागा तसाच उरला तर तो उरलेला भाग दुधाचा नाही. मोठी खरेदी करण्यापूर्वी मुंबईत माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, सिरकॉट, किंवा प्रभादेवीची वस्त्रोद्योग समिती यांच्या प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. व्हिस्कोज कोणत्या झाडाचे आहे हे मात्र तेही सांगू शकणार नाहीत. तिथे लगद्याच्या खरेदीची कागदपत्रेच पाहावी लागतात.

मागावर चढवायचे असेल तर माझा सल्ला असा. ताणा सुतीच ठेवावा. केळीचा धागा ओढीला मजबूत असला तरी फार कमी लांबतो, त्यामुळे ताण्यात तो फणीला घासून आणि गाठींपाशी अडकून तुटतो. बाण्यात तो चांगला चालतो. कांड्या ओलसर ठेवाव्यात, फणी नेहमीपेक्षा विरळ घ्यावी, आणि पहिला माल पूर्ण साडीऐवजी उपरणी किंवा पदराचे पट्टे असा करावा. कडकपणा पदरात शोभतो, निऱ्यांमध्ये खुपतो. रंगासाठी केळी, अननस, व्हिस्कोज यांना सुतीचेच रिअॅक्टिव्ह रंग लागतात. दूध-सोयाबीनला रेशमाचे आम्लरंग लागतात, आणि धुण्याचा सोडा त्यांच्या जवळही आणू नये. आपल्या रंगाऱ्याला लडी देताना तंतूचा खरा प्रकार सांगितला नाही तर संपूर्ण घाणा वाया जाईल.

पाटीवर वजनाच्या टक्क्यांत, घटक वेगवेगळे लिहावेत. सुती ताण्यावर केळीचा बाणा टाकून साडी विणली आणि तोलून केळीचा भाग तीस टक्के भरला, तर "७० टक्के कापूस, ३० टक्के केळीचा तंतू (बाणा), हातमाग" असे लिहावे. बांबूचे सूत वापरले असेल तर "व्हिस्कोज, बांबूच्या लगद्यापासून" असे लिहावे, आणि धुलाईच्या सूचनेत ओले असताना पिळू नये हे जोडावे.